नानांच्या राजाची उडी

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. शाळेतल्या बुद्धिबळाच्या वर्गात मुलं धावत जाऊन पांढरी मोहरी पकडतात, तुझ्या वाट्याला दर वेळी काळी येतात, आणि म्हणून तू तो वर्ग सोडणार आहेस, असं तू लिहितेस. खाली तुझ्या भावाने वाकड्या अक्षरात भर घातली आहे की काळ्याने नुसता बचाव करायचा असतो, त्यात काय मजा. दोघांना मिळून हे एकच उत्तर. ते लांबेल. तुमच्या आईला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. तिलाही यातलं अर्धंच माहीत आहे.

मी आयुष्यात पांढऱ्या मोहऱ्यांनी एकदाही खेळले नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तक्रार पुढे आहे.

शांतपणे लिहायचं म्हणून मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा कागद फाडला. राग पंचवीस वर्षं जुना आहे, पण अजून रोजच्या वापरात आहे. तेव्हा जसं येईल तसं लिहिते.

नाना म्हणजे माझे वडील, तुमच्या आईचे आजोबा. धुळ्याच्या एका शाळेत ते इंग्रजी शिकवत. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, आणि त्या गावाची यापेक्षा मोठी शोभा नानांना दुसरी वाटत नसे. त्यांना सगळं क्रमाने लागे. पेन्सिलींची टोकं एका बाजूला, चपला भिंतीला समांतर, कपाटातली पुस्तकं उंचीप्रमाणे. हा रोग मलाही त्यांच्याकडूनच लागला. मला भाऊ नव्हता. नानांनी मला स्वतः इंग्रजी शिकवलं आणि पुढे शाळेत घातलं. वर्गभर मुलगे, आणि भिंतीकडेच्या बाकावर आम्ही दोघी मुली. हे उपकार मी नाकारत नाही. उलट ते केले म्हणूनच राग जास्त आहे.

बुद्धिबळही त्यांनीच शिकवलं, एका जाड इंग्रजी पुस्तकावरून. एक पान मी मोठ्याने वाचायचं, मराठीत अर्थ सांगायचा, मग पटावर तो डाव लावायचा. पट आणि लाकडी मोहरी त्यांनी मुंबईहून आणली होती. काळ्या घोड्याचा एक कान तुटलेला होता. तो घोडा माझा, कारण काळी मोहरी माझी.

एकदा मी विचारलं, "नाना, आज मी पांढरी घेऊ?"

"पांढऱ्याने आधी चाल करायची असते," नाना म्हणाले. "मुलीने आधी उत्तर द्यायला शिकावं."

"आणि मग?"

"मग नंतर पाहू."

हा 'नंतर' शब्द लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीचा पार होता. संध्याकाळी तिथे माणसं देशी पद्धतीने खेळत. देशी डावात राजाला एक सवलत असते. जोवर त्याला शह लागलेला नाही, तोवर त्याला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. नानांना या उडीचा भयंकर तिटकारा. शाळेतून येताना ते मुद्दाम पाराशी थांबत.

"काय, उडाला का राजा? राजा आहे का बेडूक?"

माणसं हसत. त्यांतला एक म्हातारा मात्र मान वर न करता म्हणे, "मास्तर, जीव वाचाडाले राजा बी उडी मारस."

घरी आल्यावर नाना मला सांगत, "विलायती डावात राजाला पळवाट नाही. नियम म्हणजे नियम. म्हणून तो डाव खरा." आणि मी ते शब्द शाळेतल्या प्रार्थनेसारखे मनात ठेवी.

नानांची एक आवडती चढाई होती. आधी राजापुढचं प्यादं, मग घोडा, मग उंट. चौथ्या चालीला तोच घोडा पुन्हा पुढे आणायचा आणि माझ्या राजाच्या अगदी शेजारच्या प्याद्यावर घोड्याचा आणि उंटाचा एकदम नेम धरायचा. त्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचा आधार नसतो. घोड्याने ते मारलं की तो तिथून वजीर आणि हत्ती या दोघांच्या अंगावर एकाच वेळी येतो. पुस्तकात याला उत्तर दिलं होतं. मधलं प्यादं पुढे सारून उंटाची वाट अडवायची आणि मग जपून खेळायचं. मी तसंच करत असे आणि जपून जपून हरत असे.

मी पंधरा वर्षांची असताना एके दिवशी घरी पाहुणे आले. नानांनी त्यांच्यासमोर माझ्याकडून इंग्रजी कविता म्हणवून घेतली. पाहुणे वा वा म्हणाले. नाना म्हणाले, "छे हो, पोपटपंची आहे." पाहुणे गेल्यावर आम्ही खेळायला बसलो. चौथी चाल आली, त्यांच्या घोड्याने माझ्या प्याद्यावर नेम धरला. माझे कान अजून गरम होते. मी बचाव केलाच नाही. मी माझा उंट बाहेर काढला आणि त्यांच्या राजाशेजारच्या तसल्याच प्याद्यावर रोखला.

"चूक," नाना म्हणाले. "तुझा हत्ती जाईल."

"जाऊ द्या."

त्यांनी घोड्याने प्यादं मारलं. मी उंटाने त्यांचं प्यादं मारून राजाला शह दिला. त्यांनी राजाने माझा उंट खाल्ला. मी कानतुट्या घोड्याने पुन्हा शह दिला. नानांनी पटाकडे बराच वेळ पाहिलं. मग एकेक मोहरं उचलून पेटीत ठेवायला लागले. आधी पांढरी, मग काळी. क्रमाने.

"डाव संपला नाही, नाना."

"हा डाव नव्हे. हा उद्धटपणा आहे."

पंधरा दिवस पट निघाला नाही. त्यानंतर कित्येक वर्षं मी तो उंट त्या चालीला बाहेर काढला नाही.

पुढल्या वर्षी मी मॅट्रिकच्या वर्गात होते. फॉर्म गेला होता. परीक्षेला आठ आठवडे उरले असताना नानांनी माझं लग्न ठरवलं. मुलगा त्यांचाच जुना विद्यार्थी, वर्गात पहिला येणारा, जळगावच्या कोर्टात कारकून. ते तुमचे आजोबा. मी म्हटलं, "परीक्षा?" नाना म्हणाले, "चांगलं स्थळ थांबत नाही. परीक्षा नंतर देता येईल." इंग्रजीचे मास्तर, देशी डावाला हसणारे, गल्ल्यांचे नंबर आवडणारे. त्यांनी ब्राह्मणाकडून मुहूर्त काढून आणला, तेव्हा चेहऱ्यावर रेघही हलली नाही.

दिवाळसणाला मी धुळ्याला गेले तेव्हा बुद्धिबळाचं पुस्तक उघडलं. आत एक छापील कागद होता. माझं नाव, आणि माझा परीक्षेचा नंबर. तो मी सासरी गेल्यावर शाळेतून घरी आला होता. नानांनी तो वाया जाऊ दिला नव्हता. पुस्तकात खूण म्हणून घातला होता.

मी तो होता त्याच पानावर परत ठेवला. का ठेवला, हे मला आजही सांगता येत नाही. तो फाडून त्यांच्यासमोर टाकायला हवा होता.

त्या दिवाळीपासून आमचा पत्रांवरचा डाव सुरू झाला. दर वर्षी दिवाळी झाली की नव्या डावाचं नानांचं पहिलं पोस्टकार्ड येई, मग डाव संपेपर्यंत एकेक. वर एक ओळ, त्यांची चाल. पांढऱ्यांची, अर्थात. खाली दोन ओळी घरगुती. मी उत्तर लिही. वर माझी चाल, खाली खुशाली. सगळी कार्डं मी नंबर घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. स्वयंपाकघरात गव्हाच्या कोठीवर माझा पट मांडलेला असे. अशी अठरा वर्षं गेली. त्यांत मी दोनदा बरोबरी केली. बाकी सगळे डाव हरले.

आमचा पोस्टमन एरंडोलकडचा होता आणि त्याच्या गावी देशी डाव चाले. उघडी कार्डं वाचण्यात त्याला काही गैर वाटत नसे. दारातूनच अहिराणीत ओरडे, "अक्का, घोडा उना!" म्हणजे घोडा आला.

"तुम्ही लोकांची पत्रं वाचता?"

"वाचस कुठे? नजर पडस."

आता ते वर्ष. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं. तुमची आई जळगावला मॅट्रिकच्या वर्गात होती, सोळा वर्षांची. गणितात मी तिच्या वयात होते त्यापेक्षा कितीतरी चांगली. फॉर्म शाळेतून घरी आला होता. वडिलांच्या सहीसाठी पाच आठवड्यांची मुदत होती. आजोबांनी तो दौतीखाली ठेवला होता.

दिवाळीनंतर नानांची पहिली दोन कार्डं नेहमीसारखी आली. तिसऱ्या कार्डावर वर उंटाची चाल होती आणि खाली लिहिलं होतं, "चोपड्याचं एक स्थळ पाहिलं आहे. केळीचे मळे, माणसं तोलामोलाची. मुलगी वयात आली आहे."

मी घोड्याची चाल लिहिली आणि खाली लिहिलं, "परीक्षा मार्चमध्ये आहे. तोवर थांबावं, ही विनंती." विनंती! पहा, मी काय लिहीत होते. मधलं प्यादं पुढे सारत होते.

चौथं कार्ड आलं. घोडा पुढे आला होता. तीच चढाई. खाली लिहिलं होतं, "मी शब्द दिला आहे. मुहूर्त माघात. परीक्षेचं नंतर पाहू."

मी ते कार्ड घेऊन आजोबांकडे गेले. ते कोर्टातून नुकतेच आले होते. धुळ्याचं कार्ड दिसलं की ते खुर्चीतून उठत. मी नेहमी हसत असे, त्या दिवशी हसले नाही.

"अहो, फॉर्मवर सही राहिली आहे."

"नानांनी काय लिहिलंय?"

"ते तुम्ही वाचालच. सही राहिली आहे."

त्यांनी कार्ड वाचलं, उलटं करून पत्ताही वाचला. मग म्हणाले, "माघात लग्न असेल तर मार्चमध्ये मुलगी चोपड्याला असणार. मग सही करून काय उपयोग?"

"लग्न माघात नको, असं लिहा त्यांना."

"मी?"

"मुलगी तुमची आहे."

"अगं, माझे मास्तर आहेत ते."

"तुम्ही चाळिशीचे झालात."

"मास्तर ते मास्तरच. त्यांच्यासमोर मला अजून स्पेलिंग विचारतील अशी भीती वाटते." आणि ते हसले. चांगला माणूस होता. आयुष्यभर माझ्यावर आवाज चढवला नाही. पण त्या हसण्याचा मला इतका संताप आला की मी तडक आत गेले.

तुमची आई कोठीजवळ उभी होती. तिला मोहऱ्यांच्या चाली येत होत्या.

"आई, घोडा हे प्यादं मारणार."

"हो."

"मग तुझा वजीर आणि हत्ती दोन्ही अडकतील. बचाव कर ना."

"कसा?"

"नेहमी करतेस तसा." मग पटाकडेच पाहत ती म्हणाली, "आई, मी बसणार ना परीक्षेला?"

तिने तो प्रश्न माझ्याकडे पाहून विचारला असता तर मी कदाचित काहीतरी गोड बोलले असते. ती घोड्याच्या तुटलेल्या कानाकडे पाहत होती. (पट नवा होता, पण हा घोडा मी धुळ्याहून मागून आणला होता.)

मी उंट बाहेर काढला.

"आई! प्यादं तसंच राहिलं."

"राहू दे."

मी कार्ड लिहिलं. वर उंटाची चाल. खाली काहीच नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा खालचा भाग कोरा. मग मी दुसरा, चांगला कागद घेतला आणि चोपड्याच्या मंडळींना, म्हणजे मुलाच्या वडिलांना, पत्र लिहिलं. बाईने परक्या पुरुषाला पत्र लिहायचं, तेही लग्नाच्या बोलण्यात, हे आमच्याकडे कुणी ऐकलंही नव्हतं. मी लिहिलं की मुलगी मार्चमध्ये परीक्षेला बसणार आहे आणि पास झाली तर कॉलेजात जाणार आहे. आपली थांबायची तयारी असेल तर कॉलेज झाल्यावर बोलू. हे मुलीच्या आजोबांनी, म्हणजे नानांनी, आपल्याला सांगितलं नसेल म्हणून मी सांगते. खाली माझी सही. इंग्रजीतही एक सही केली, उगाच. दोन्ही पत्रं मी स्वतः पोस्टात जाऊन टाकली.

पाचवं कार्ड दारात आलं तेव्हा पोस्टमनचा चेहरा पडला होता.

"अक्का, तुमना हत्ती मरस आते. वाचाडा ना त्याले."

कार्डावर होतं, घोड्याने प्यादं मारलं. खाली, "सोमवारी चोपड्याची मंडळी मुलगी पाहायला येत आहेत. तयारी ठेवावी. तुझा हत्ती जातो आहे. तुला हे मागेच शिकवलं होतं."

मी उंटाने प्यादं मारून शह लिहिला आणि कार्ड टाकलं.

सोमवारी आजोबांनी रजा काढली, काळा कोट घातला आणि ओसरीवर सतरंजी अंथरून घेतली. मी भरीत आणि कळण्याची भाकरी केली, रोजचं जेवण. मुलीला शाळेत पाठवलं.

"अगं, पोहे तरी कर. माणसं येतायत."

"येणार नाहीत."

"तुला काय माहीत?"

मी सांगितलं काय माहीत ते. ते कोटासकट खाली बसले. मग म्हणाले, "नानांचा शब्द होता गं."

"माझ्या वेळीही नानांचाच शब्द होता. तो तुम्हाला दिलेला होता. त्यात तुमचा दोष नाही. पण त्या वेळी माझा नंबर आला होता, हे तुम्हाला माहीत आहे?"

त्यांना माहीत नव्हतं. अठरा वर्षं मी त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं, आणि बरंच मोठ्या आवाजात सांगितलं. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, जेवतोय."

संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. सतरंजी मीच गुंडाळली.

सहावं कार्ड. राजाने उंट खाल्ला. खाली काही नव्हतं. आता त्यांचीही खालची जागा कोरी. मी घोड्याने दुसरा शह दिला. सातवं कार्ड. राजा कोपऱ्याकडे सरकला, स्वतःच्या हत्तीशेजारी. खाली नानांच्या त्या सरळ, छापल्यासारख्या अक्षरात एकच ओळ, "हे तू काय केलंस?" डावाबद्दल नव्हतं ते. त्याच दिवशी आजोबांच्या नावाने चोपड्याचं पत्र आलं. मुलीच्या आईचा स्वभाव पाहता जमणं कठीण दिसतं, क्षमा असावी. आजोबांनी ते दोनदा वाचलं, दौत बाजूला केली आणि फॉर्म काढला.

"आता लग्नच नाही," ते म्हणाले. "मग परीक्षेला काय हरकत आहे?"

हरकत! मला वाटलं होतं ते म्हणतील, बरं केलंस. तसं ते म्हणाले नाहीत. पण सही केली, टिपकागदाने टिपली, आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म स्वतः शाळेत नेऊन दिला. नानांना काय लिहायचं, हे त्यांनी माझ्यावर सोडलं.

मी वजीर तिरप्या वाटेने पटाच्या कडेला नेला. हत्ती कोपऱ्यात तसाच उघडा. इथे नानांना एक उत्तर होतं. राजापुढचं प्यादं एक घर पुढे केलं असतं तर डाव लांबला असता, आणि मी जिंकलेच असते असं नाही. हे सांगते, कारण खरं सांगायचं ठरवलं आहे. पण नानांना हत्ती दिसत होता. माझा हत्ती जाणार असं ते पहिल्यापासून सांगत आले होते, आणि आपलं म्हणणं खरं झालेलं पाहण्याचा मोह त्यांना कधीच आवरत नसे.

आठवं कार्ड. "हत्ती घेतला. चोपड्याची गोष्ट मी विसरणार नाही."

माझा उंट ज्या घरात मेला होता, त्याच घरात मी वजीर ठेवला. मागे कानतुटा घोडा उभा. राजाला हलायला जागा नाही, कारण शेजारी त्याचीच माणसं दाटून उभी आणि उरलेलं एक घर माझ्या वजिराच्या ताब्यात. मी लिहिलं, "मात." खाली लिहिलं, "फॉर्म गेला."

आठवडा गेला, दुसराही गेला. कार्ड येईना. पोस्टमन रोज दारातून हात हलवी, नाही म्हणून. मला वाटलं, नाना लिहितील, बरोबर आहे, मात झाली. एवढंच. मुलगी शहाणी आहे असं नको, चूक झाली असं नको. फक्त मात झाली. ज्या माणसाने मला नियम म्हणजे नियम हे शिकवलं, त्याच्याकडून मला एवढंच हवं होतं.

नववं कार्ड आलं. पोस्टमनने ते लगेच हातात दिलं नाही.

"अक्का, हाई चाल चालस नही."

मी कार्ड ओढून घेतलं. वर लिहिलं होतं, "राजा घोड्याच्या चालीने हत्तीच्या प्याद्यापुढच्या घरात." खाली काही नाही.

मी ते उंबऱ्यात उभ्या उभ्या चार वेळा वाचलं. नानांच्या राजाने उडी मारली होती. राजा आहे का बेडूक म्हणणाऱ्या नानांच्या राजाने. जन्मभर त्यांनी पारावरच्या माणसांना हसून घेतलं, मला विलायती नियम पाठ करायला लावले, आणि मुलीपुढे हरायची वेळ आली तेव्हा त्यांना देशी डाव आठवला. लग्नाच्या वेळीही हेच झालं होतं. मला इंग्रजी शिकवलं ते नवीन नियमाने, आणि परीक्षा आली तेव्हा अडीच घरं उडून मुहूर्ताच्या आड जाऊन बसले.

पोस्टमन अजून उभाच होता. "मना गावमा बी हाई कोनी मानत नही, अक्का. राजाले दोनदा शह लागेल शे."

म्हणजे देशी नियमानेही ती उडी खोटी. नानांना देशी डाव नीट येतही नव्हता.

मी उत्तर लिहायला घेतलं. आधी लांबलचक लिहिलं, मग खोडलं. शेवटी काहीच टाकलं नाही. जानेवारी गेला. फेब्रुवारीत तुमच्या आईचा परीक्षेचा नंबर आला. ती तो कागद घेऊन घरभर नाचली. मी तिच्याकडून मागून घेतला, एक कोरं पोस्टकार्ड घेतलं, वरच्या ओळीत, जिथे चाल लिहायची तिथे, तिचा नंबर लिहिला. खाली काही लिहिलं नाही. पत्ता धुळ्याचा. नववी काळी चाल.

कागद मी तिला परत दिला आणि सांगितलं, हा कुणाच्याही पुस्तकात ठेवू नकोस.

ती परीक्षेला बसली. पास झाली. पुढचं तिचं तिने तुम्हाला सांगितलंच आहे, कॉलेजचं, नोकरीचं, तिने स्वतः निवडलेल्या तुमच्या बाबांचं. नाना तिचा निकाल ऐकून काय म्हणाले, हे मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

पुढल्या दिवाळीनंतर त्यांचं कार्ड आलं. "राजापुढचं प्यादं दोन घरं." खाली, "थंडी पडली आहे." जसं काही झालंच नाही. मी लिहिलं, "आधीचा डाव मात होऊन संपला, हे कळवावं. आणि यंदा पांढरी मोहरी मी घेईन." त्याला उत्तर नाही. त्याच्या पुढल्या दिवाळीला पुन्हा कार्ड, पुन्हा तीच चाल, पांढऱ्यांचीच. त्याच्या पुढेही. एकूण चार कार्डं आली. पहिल्यानंतर मी एकालाही उत्तर दिलं नाही. स्वातंत्र्य आलं त्या वर्षी, पावसाळ्याच्या आधी, नाना गेले. मी धुळ्याला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

लोक म्हणतात, बापाशी इतकं कसं धरून ठेवलंस? एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं? मीही म्हणते, त्यांनी एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं? वाईट वाटतं का? वाटतं. डबा उघडला की ती चार कार्डं दिसतात आणि दोन दिवस जेवण गोड लागत नाही. तरीही, ते कार्ड आज आलं तरी मी हेच लिहीन. आधी मात कबूल करा.

तुझ्या भावाला सांग, काळ्याने नुसता बचाव करायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं? त्या माणसाचं नाव मला कळव. आणि तू वर्ग सोडू नकोस. उद्या जाऊन बस. मुलं पांढरी घेऊन बसली असतील तर बसू दे. त्यांचा घोडा चौथ्या चालीला पुढे आला की काय करायचं, ते वर लिहिलं आहे. हत्तीकडे पाहू नकोस. आणि महिन्यातून एकदा त्यांना सांग, आज पांढरी मी घेणार. नाही म्हणाले तर वर्गाच्या मास्तरांना सांग. ते 'नंतर' म्हणाले तर मला लिही.

नानांचं बुद्धिबळाचं पुस्तक त्यांच्या सामानातून माझ्याकडे आलं होतं. ते वेगळ्या पार्सलने तुला पाठवते आहे. शिवण सैल झाली आहे, जपून उघड. आत खुणेचा कागद होता तो मी काढून घेतला आहे. तो माझा आहे. खूण म्हणून दुसरं काहीतरी घाल.